वाचक विचारतात : भिडू घेऊन खेळायची रमी

प्रश्न : आम्ही चौघे तेरा पानांची रमी खेळतो. जोड्या पाडून खेळता येईल असा रमीसारखा खेळ आहे का? (एक वाचक, नाशिक)

आहे, आणि फार सुंदर आहे. त्याचं नाव कनास्टा. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात १९३९ मध्ये सेगुंदो सांतोस हे वकील आणि अल्बेर्तो सेर्रातो हे वास्तुरचनाकार या दोघांनी तो बसवला. कनास्टा म्हणजे स्पॅनिशमध्ये टोपली.

सामान तुमच्याकडे आहेच : दोन कॅट आणि चार छापील जोकर, एकूण १०८ पानं. भिडू समोरासमोर बसतात. प्रत्येकाला ११ पानं वाटून उरलेल्या ६४ पानांची बंद गड्डी मधे ठेवायची आणि वरचं एक पान शेजारी उघडं करायचं. ते जोकर, दुर्री किंवा लाल तिर्री निघालं, तर त्यावर आणखी एक पान उघडायचं.

रमीवाल्यांनी सर्वात आधी विसरायची गोष्ट म्हणजे सीक्वेन्स. इथे सीक्वेन्स नाहीच. फक्त एकाच दर्जाच्या पानांचे सेट, कमीत कमी तीन पानांचे, रंग कोणताही. आठही दुर्र्या जोकर म्हणून चालतात. मात्र सेटमध्ये खरी पानं किमान दोन आणि जोकर जास्तीत जास्त तीन. सेट दोघा भिडूंचे मिळून असतात. तुम्ही तीन राण्या मांडल्या, तर भिडू त्याच्या पाळीत चौथी तिथेच लावतो. सात पानं झाली की कनास्टा : जोकर नसेल तर ५०० गुण, असेल तर ३००. एक तरी कनास्टा झाल्याशिवाय डाव संपवता येत नाही.

प्रश्न : पहिल्यांदा पानं उतरवताना ‘५०, ९०, १२०’ असं काहीतरी म्हणतात. ते काय? (एक वाचक, बडोदे)

जोडीचा एकूण स्कोअर जितका वर, तितकी प्रत्येक डावातली पहिली मांडणी महाग. स्कोअर शून्याच्या खाली असेल तर १५ गुण पुरतात, १५०० च्या आत ५०, त्यापुढे ३००० च्या आत ९० आणि ३००० पासून १२०. पानांचे गुण असे : छापील जोकर ५०, दुर्री आणि एक्का २०, राजापासून अठ्ठीपर्यंत १०, सत्तीपासून चौकीपर्यंत आणि काळी तिर्री ५.

समजा स्कोअर १५२० आहे. हातात दोन राजे, एक छापील जोकर आणि तीन पंज्या आहेत. राजे आणि जोकर मिळून ७०, पंज्यांचे १५, एकूण ८५. पाच गुण कमी पडले, म्हणजे मांडता येत नाही. तेच दोन एक्के आणि जोकर असते, तर बरोबर ९०. लाल तिर्रीचे किंवा कनास्टाचे बोनस गुण यात धरायचे नाहीत. नव्या खेळाडूंची चूक बहुधा इथेच होते. कमी गुणांची पानं चुकून मांडली, तर ती परत उचलायची आणि त्या जोडीची अट त्या डावापुरती १० ने वाढते.

प्रश्न : टाकलेल्या पानांची उघडी गड्डी कधी उचलता येते? आमच्यात दर वेळी यावरून वाद होतो. (एक वाचक, पुणे)

वाद होणारच, कारण सगळा खेळ या गड्डीचा आहे. रमीत आपण वरचं एक पान घेतो. इथे वरचं पान घेतलं की खालची सगळी गड्डी आपली. पंधरा-वीस पानं एकदम हातात आली की डाव फिरतो.

वरचं पान ताबडतोब वापरायचं, हा मूळ नियम. हातात तसलीच दोन पानं असतील, किंवा एक पान आणि एक जोकर असेल, किंवा ते पान तुमच्या मांडलेल्या सेटला लागत असेल, तर गड्डी उचला. पण गड्डीत कुणी जोकर वा दुर्री टाकली, की ती फ्रीझ होते, सगळ्यांसाठी. ते पान आडवं ठेवतात, म्हणजे वर पानं पडली तरी टोक दिसत राहतं. फ्रीझ गड्डी उचलायला हातात तसलीच दोन खरी पानं लागतात. जोकर चालत नाही. ज्या जोडीने अजून काहीच मांडलेलं नाही, तिच्यासाठी तर गड्डी नेहमीच फ्रीझ. शिवाय पहिल्या मांडणीचे गुण मोजताना फक्त वरचं पान धरायचं. खालची पानं अट पूर्ण झाल्यावरच हातात येतात.

म्हणून जोड्या जपा. रमीची सवय अशी की सेट लागला की हायसं वाटतं आणि सगळं खाली उतरवलं जातं. समजा तुमच्या हातात नव्व्या, दश्श्या आणि गुलाम यांच्या जोड्या आहेत. म्हणजे या तिन्हींपैकी कुठलंही पान पडलं तरी गड्डी तुमची. एकेका जोडीला दुर्री लावून मांडलीत, की हातात तीन-चार पानं राहतात आणि फ्रीझ गड्डी उचलायला काहीच उरत नाही. समोरच्यांची मांडणी पुढे गेली असेल आणि तुमची रखडली असेल, तेव्हा एक दुर्री खर्चून गड्डी फ्रीझ करणं अजिबात उधळपट्टी नाही.

काळी तिर्री याच कामाची. ती टाकली की पुढच्याला गड्डी उचलता येत नाही, पण तेवढ्या एका पाळीपुरतंच. पहिल्या फेऱ्यांत ती टाकून देऊ नका; गड्डी फुगल्यावर ती सोन्याची. ती मांडता येते फक्त डाव संपवताना, आणि तेव्हाही जोकर न लावता.

प्रश्न : लाल तिर्रीचं काय करायचं? (एक वाचक, सांगली)

आली की लगेच समोर ठेवायची आणि बदली पान ओढायचं. उचललेल्या उघड्या गड्डीतून आली असेल तर बदली पान नाही. प्रत्येकीचे १००, चारही एका जोडीकडे आल्या तर ८००. पण डाव संपेपर्यंत जोडीने एकही सेट मांडला नसेल, तर हेच गुण वजा होतात.

प्रश्न : डाव संपवण्याआधी भिडूला विचारायचं असतं का? गुण कसे लिहायचे? (एक वाचक, मडगाव)

विचारण्याची सक्ती नाही, पण विचारावं. त्या पाळीत एकही पान मांडण्याआधी ‘संपवू का?’ एवढंच म्हणायचं. भिडू फक्त हो किंवा नाही म्हणतो आणि ते उत्तर बंधनकारक असतं. ‘हो’ मिळूनही संपवता आलं नाही, तर १०० गुण दंड. भिडूच्या हातात तीन एक्के आणि जोकर पडून असतील, तर तुमचे डाव संपवल्याचे १०० गुण आले तरी त्याचे ११० वजा झालेच.

हिशेबाचा नमुना : सात राण्यांचा शुद्ध कनास्टा ५००, पाच अठ्ठ्या आणि दोन दुर्र्यांचा मिश्र ३००, एक लाल तिर्री १००, डाव संपवला १००. एकूण १०००. मांडलेल्या पानांचे : राण्या ७०, अठ्ठ्या-दुर्र्या ९०, शिवाय तीन एक्के ६०. झाले १२२०. भिडूकडे दोन राजे आणि छक्की उरली, वजा २५. लिहायचे ११९५. आधी ५००० गाठेल ती जोडी जिंकली.

प्रश्न : दोघेच असलो तर? (एक वाचक, नागपूर)

प्रत्येकी १५ पानं वाटा, दर पाळीत दोन पानं ओढून एक टाका आणि डाव संपवायला दोन कनास्टे सक्तीचे करा. बाकी नियम तेच.