गार इंजिन, गरम इंजिन आणि डिझेलचा हिशेब

प्रश्न : मालिम जेटीवर आमचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. इंजिन जितके गार तितके बरे, असे सांगून मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत थंड करणाऱ्या पाण्याची वाट अडवणारी झडप) काढून टाकायला सुचवले आहे. अभियांत्रिकी शिकणारा मुलगा मात्र म्हणतो की थंड करणाऱ्या पाण्यातूनच उष्णता वाया जाते, तेव्हा पाणी कमी केल्यास डिझेल वाचेल. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, बेती

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. डिझेलच्या उष्णतेपैकी जेमतेम ३५ ते ४० टक्के भागाचे काम होते आणि उरलेली धुरावाटे व पाण्यावाटे निघून जाते, हा मुलाचा हिशेब खराच आहे; परंतु पाण्याची वाट अडवल्याने ती उष्णता आपोआप कामाला लागत नाही. पिस्टनला ढकलत वायू जेवढा प्रसरण पावतो तेवढेच काम मिळते, आणि सिलिंडरच्या भिंतींत न मुरलेली उष्णता बहुतांशी धुराबरोबर बाहेर पडते. १९८०च्या सुमारास अमेरिकेत सिरॅमिकचे आवरण देऊन जवळजवळ न थंडावणारी डिझेल इंजिने करून पाहिली गेली, तेव्हा हेच दिसले : धूर अधिक तापला, आणि त्यातील ऊर्जा परत मिळवायला निराळे टर्बाइन जोडावे लागले. शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये शिरणारी हवा विरळ होते, ते नुकसान वेगळेच.

मेकॅनिकचा सल्ला मात्र मला अधिक धोक्याचा वाटतो. फार गार इंजिनात तेल दाट राहून घर्षण वाढते, इंधन नीट जळत नाही, आणि डिझेलमधील गंधकापासून बनणारे आम्ल गार भिंतींवर साचून सिलिंडर व रिंगा झिजवते. आपल्या इंजिनात गोडे पाणी बंद फेऱ्यात फिरत असून समुद्राचे पाणी केवळ हीट एक्स्चेंजरमधून (दोन्ही पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या भागातून) जात असेल, तर थर्मोस्टॅट साधारणपणे ८० अंशांच्या आसपास उघडणारा असतो आणि तो तसाच राहू द्यावा. खारे पाणीच थेट इंजिनातून फिरत असेल, तर क्षार साचू नयेत म्हणून तापमान मुद्दाम कमी ठेवलेले असते. तेथेही कंपनीने सांगितलेलाच थर्मोस्टॅट बसवावा.

मुळात औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे उष्णतेपैकी किती भागाचे काम होते ते, ठरते ती सिलिंडरमधील हवेचे संपीडन (दाबले जाणे) आणि त्यानंतरचे प्रसरण किती, यावर, आणि ते इंजिन घडतानाच ठरून गेलेले असते. मालकाच्या हाती उरते ती डिझेल फवारणारे नोझल, एअर फिल्टर आणि टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असल्यास त्याची निगा. त्याहून मोठी बचत होडीच्या वेगात आहे, कारण लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग एक दशांशाने उतरवला, तर शक्ती पाव हिश्शाहून अधिक कमी लागते. नोझलची तपासणी आणि तळाला चिकटलेले शिंपले खरवडणे, ही दोन्ही कामे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उरकून घ्यावीत.