कार्ड गेलं की नुसतं रुसलं?

प्रश्न : कऱ्हाडला माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, त्यात जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. पंधरा दिवस झाले, स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन उमटतात आणि मग सगळं काळं. दुरुस्तीवाला म्हणतो, अडीच हजारांत कार्ड ‘रिबॉल’ करून देतो. करू का? नवं घ्यायचं तर दहा हजारांच्या वर जमणार नाही.

उत्तर : ताई, ते अडीच हजार आधी पर्समध्ये परत ठेवा. रिबॉल म्हणजे चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे मणी नवे बसवायचे. पण या भावात मी तरी बहुतेकदा चिपला नुसती गरम हवा दिलेलीच पाहिली आहे. महिनाभर चालतं आणि ऐन लग्नसराईत दगा देतं.

कॉम्प्युटर चालू करताना, विंडोज यायच्या आधीच चौकोन दिसतात का? दिसत असतील तर ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दोष देऊ नका, कार्डाची मेमरी किंवा चिपच गेली समजा. काम जड झाल्यावरच येत असतील तर आशा आहे. प्लग काढा, कार्ड बाहेर घ्या, त्याच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि कचरा ब्रशनं झटका. पंखा बोटानं फिरवून बघा. माझ्याकडे एक कार्ड आलं होतं, पंखा अगरबत्तीच्या राखेनं जाम! मालकानं कॅबिनेटवरच गणपती बसवला होता. साफसफाई केली, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, अजून चालतंय.

कार्ड बाहेर आहे तोवर मॉनिटरची वायर मदरबोर्डाला लावून दोन दिवस काम करा. चौकोन गेले तर गुन्हेगार कार्डच. तरीही स्क्रीन काळी होत असेल तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि रॅम बघा.

घ्यायचंच झालं तर जीटीएक्स १६५०, ४ जीबी, वापरलेलं. ७५ वॉटवर चालतं, त्यामुळे वेगळी पॉवरची वायर न लागणारं मॉडेल मिळतं. पुन्हा १०५० टीआय नको, एनव्हिडियानं त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबवले. एएमडीचं आरएक्स ६४०० बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे चारच वाटा, वापरतं, जुन्या बोर्डावर त्याचा श्वास कोंडतो. इंटेलच्या ए३८०ला नीट चालायला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एका दमात वापरू देणारी सोय) लागतो, तो तुमच्या बोर्डात नाही. आणि खोक्यावरचं ‘४ जीबी’ बघून जीटी ७३० तर मुळीच उचलू नका. डीडीआर३ या जुन्या, संथ मेमरीचं ते बैलगाडीचं काम.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या मशीनवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर बहुधा तिथंच ‘फेक’ दिसतं. मग तुमचाच सगळ्यात जड अल्बम उघडून अर्धा तास काम करा. विक्रेता कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

पैसे उरले आणि अजून जुनी हार्डडिस्कच असेल, तर एसएसडी टाका. अल्बमच्या कामात तो फरक तुम्हाला कार्डापेक्षा आधी जाणवेल.