आजारी माणसाचा राग येतो, म्हणजे मी वाईट आहे का?

पक्षाघात झालेल्या माणसाचं घरी सगळं करणारे लोक माझ्याकडे येतात ते बहुधा झोप लागत नाही, डोकं दुखतं, अशी तक्रार घेऊन. मनातला प्रश्न दोन-तीन भेटींनंतर बाहेर येतो: ‘मला त्यांचा राग येतो. मी वाईट आहे का?’ या बाईंनी मात्र तो पहिल्याच भेटीत विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवऱ्याला झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं गेलेलं. आता काठी धरून चालतात, पण तोंडातून स्पष्ट दोनच गोष्टी निघतात, ‘नको’ आणि एक शिवी. “इतक्या वर्षांच्या संसारात यांनी कधी आवाज चढवला नाही हो,” बाई म्हणाल्या, “आणि आता चारचौघांत शिवी देतात. मलाच.”

एके सकाळी दवाखान्यात जायचं होतं. शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू द्या, असं फिजिओथेरपिस्टने बजावलेलं. डाव्या हाताने लावलेलं पहिलंच बटण भलत्या काजात गेलं आणि तिथून निघेना. बाई घड्याळाकडे बघत उभ्या. शेवटी त्यांनी नवऱ्याचा हात झटकून बाजूला केला आणि भराभर बटणं लावून टाकली. ते ओक्साबोक्शी रडायला लागले. हे सांगताना बाईंची मान खाली होती. मग म्हणाल्या, “मनात आलं, त्या रात्रीच सुटले असते तर बरं झालं असतं. ते सुटले असते की मी, तेही कळत नाही.”

मी सरळ विचारलं: कधी हात उगारला गेलाय? स्वतःचं किंवा त्यांचं काही बरंवाईट करावं असं येतं मनात? विचारताना जड जातं, पण विचारावंच लागतं. उत्तर ‘हो’ असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि घरात आणखी एक माणूस राहील अशी सोय करायला लावली असती. तसं नव्हतं. दीड वर्ष सलग झोप न मिळालेल्या माणसाच्या मनात ‘हे एकदाचं संपावं’ असं येतं. नवऱ्यावरची माया आटल्याची ती खूण नसते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग शिवीचं बोललो. मेंदूतल्या भाषेच्या केंद्रांना इजा झाली की विचार करून वाक्य जुळवणं अवघड होतं. याला वाचाघात म्हणतात. पण जिभेवर आपोआप बसलेलं, म्हणजे आकडे, पाठ असलेलं गाणं, शिव्या, हे पुष्कळदा शाबूत राहतं. माणूस काहीतरी सांगायला जातो आणि तेवढंच बाहेर पडतं. ‘हो’ म्हणायचं असतानाही ‘नको’ निघू शकतं. “म्हणजे ती मला नसते?” बाईंनी हे दोनदा विचारलं. कधी चिडूनही देत असतील, ते मी नाकारलं नाही. पण दर वेळी नाही, हे कळल्यावर त्या बराच वेळ रडल्या. दीड वर्षात हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं! घरी सोडताना गोळ्यांची यादी नीट समजावतात. हेही तितक्याच नीट समजावलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

रडण्याचंही तसंच. भावना आवरणाऱ्या मेंदूतल्या मार्गांना इजा झाली तर क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू फुटतं आणि एकदम थांबतं. दुसरीकडे, पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्यही येतं. यातलं काय आहे हे डॉक्टरांनीच बघायला हवं. दोन्हींवर औषधं आहेत, म्हणून चिठ्ठी देऊन न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं.

रागाखाली दुःख होतं. अमेरिकेतल्या कुटुंब-अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकापासून अशा दुःखावर काम केलंय: माणूस समोर असतो, पण ज्याच्याशी आपण बोलायचो तो नसतो. गेलेल्या माणसासाठी रडता येतं. इथे ‘जीव वाचला ना’ म्हणून लोक गप्प करतात. ‘धन्य आहेस तू’ हे कौतुकही तोंड बंदच करतं. धन्य म्हटलेल्या बाईने ‘मला कंटाळा आलाय’ असं कुणाला सांगायचं?

मुलगा फोनवर रोज म्हणायचा, “आई, थोडी विश्रांती घे.” मी बाईंना नेमकं मागायला सांगितलं: रविवारी दुपारी तीन ते सहा तू ये, बाबांचा व्यायाम तू घे, मी घरात नसेन. त्यांचा पहिला प्रतिसाद होता, “माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.” पहिल्या रविवारी मुलाला खरंच जमलं नाही. तिसऱ्या रविवारी वडिलांनी त्याला शिवी दिली, तेव्हा आईवर काय गुदरतं ते त्याला कळलं. रोज वहीत मन मोकळं करा, असंही मी सुचवलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. लिहायला बसलं की त्यांना झोप यायची. मी म्हटलं, मग झोपा.

राग अजून येतो. आला की त्या दुसऱ्या खोलीत जातात, दार लोटून घेतात आणि पाच मिनिटांनी परत येतात. पुढच्या भेटीला मुलालाही आणणार आहेत. आईची रात्रीची पाळी आठवड्यातून दोनदा आपण घेऊ शकतो का, हे त्याला बोलायचंय.