गरिबीपायी मुलं बालगृहात पाठवण्याआधी

ताई, तुमच्या धाकट्या जावेबद्दल लिहिलंत ते नीट वाचलं. दीर गेल्यापासून ती मजुरीवर घर चालवते, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, आणि घरातली वडीलमंडळी म्हणतात की दोघांना दहावीपर्यंत बालगृहात ठेवू. तुम्ही विचारता, असं करावं का? आणि बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, एकदा उभं राहिलं की मुलं कायमची जातात का?

पहिल्याचं उत्तर सरळ देते: करू नका. अडचण फक्त पैशाची असेल तर मुलांनी घर सोडायचं काही कारण नाही. पैसा घरी यावा यासाठी योजना आहेत, त्यांचे अर्ज आधी करा.

बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, असं त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात मात्र क्रम उलटा होतो, आणि त्याचं कारण मी अशा आयांसोबत कार्यालयांत बसून पाहिलेलं आहे. समितीचा आदेश झाला की बालगृहात जागा लगेच मिळते. योजनेच्या अर्जाला मात्र गृहचौकशी, अहवाल, मंजुरी, मग अनुदान येण्याची वाट, असे महिने जातात. घरात आज पीठ नाही अशी बाई कोणता दरवाजा ठोठावणार? ती मुलांना सोडून येते आणि कागदावर नोंद होते की आईनेच विनंती केली. याचा मला मनापासून राग येतो. त्या बाईने मूल नको म्हटलेलं नसतं, तिने मदत मागितलेली असते.

वडीलमंडळींना एक गोष्ट जरूर सांगा. मुलांची आणि मुलींची बालगृहं सहसा वेगळी असतात. म्हणजे ही दोन भावंडं बहुधा वेगवेगळ्या संस्थांत जातील, कदाचित वेगवेगळ्या गावांत. वडील गेले, आई लांब, आणि आता मोठी बहीणही नाही. पाच वर्षांच्या पोराला यातलं काय समजावून सांगणार? आईने भेटायला जायचं तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं, मग भेटी विरळ होतात. मुलाला एवढंच कळतं की आई येत नाही. पुढे दहावीनंतर ते घरी परततं तेव्हा घर त्याला परकं झालेलं असतं, आणि आईला ते.

ही नुसती भावनेची बाब नाही. रुमानियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं चिठ्ठी टाकावी तशी निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, दिली गेली. बुद्धीची वाढ आणि माणसांशी जुळणारं नातं, दोन्हींत कुटुंबातली मुलं पुढे गेली. फार लवकर घरी गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला.

आपल्याकडे कोविडच्या काळात उलटी चूक झाली. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांतली मुलं घरी पाठवायला सांगितलं. दिशा बरोबर, पण घरची चौकशी आणि आधार यांच्याआधी तारखेची घाई. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यायला राज्यांना सांगितलं. हा पैसा आधी असता, तर त्यातली कितीतरी मुलं संस्थेत गेलीच नसती.

अपवाद आहे, आणि तो गंभीर आहे. घरात मारहाण, लैंगिक अत्याचार, किंवा मुलांच्या जिवाला धोका असेल तर घर वाचवत बसू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. तिथे समितीने मुलाला बाहेर काढायलाच हवं.

आता समितीची भीती. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार. पण समितीपुढे गेलं म्हणजे मूल गेलं, असं नाही. आईकडेच ठेवून देखरेख, प्रायोजकत्व (म्हणजे मूल घरीच ठेवून पैशाची मदत), योग्य व्यक्तीकडे ताबा, असे आदेशही ती देऊ शकते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. दत्तकाचा विषय वेगळा. त्यासाठी आईला समितीपुढे समर्पणाचं, म्हणजे मूल कायमचं सोपवत असल्याचं, पत्र करून द्यावं लागतं, आणि त्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. जावेला बजावून सांगा: वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय एकाही कागदावर सही किंवा अंगठा नाही. समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं; प्रायोजकत्वाच्या किंवा पालक-कुटुंबाच्या आदेशाविरुद्धचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे.

करायचं काय ते सांगते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जा, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून एका मुलाला महिना २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० आहेत, मात्र ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत हवं, इतरत्र ९६,००० च्या. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा कोणती बसते ते आधी विचारा. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, तिघांची आधार कार्डं, शाळेची बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलांसोबत काढलेला आईचा फोटो, एवढं सोबत ठेवा. अर्ज दिल्यावर पोच घ्याच. पैसे दर महिन्याला नेमाने येतील असं धरू नका, कित्येकदा काही महिन्यांचे एकदम जमा होतात. तोवरच्या काळासाठी तुम्ही दोघी जावा मिळून काय करू शकता ते आत्ताच ठरवा. मला वाटतं, वडीलमंडळींनी बालगृहाऐवजी हे सुचवायला हवं होतं.

आणि नऊ वर्षांच्या त्या मुलीला कुणी विचारलंय का? मुलाचं म्हणणं ऐकणं हेही कलम ३ मधलंच तत्त्व आहे. समितीपुढे जायची वेळ आलीच, तर सदस्यांनी तिच्याशी थेट बोलावं अशी लेखी विनंती आईने अर्जासोबत जोडावी.