जुन्या विलीज पिकअपची तेलगळती: इंजिन उतरवायच्या आधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहाद्याकडे शेतावर आजोबांची १९६७ ची महिंद्रा-विलीज पिकअप आहे, पेट्रोलवरची, फोर व्हील. बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. आता चालू केली तर रात्रीतून खाली तेल सांडतं. मिस्त्री म्हणतो मागचं मेन सील (क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्याच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. तर उतरवायचं का, की बाजारात मिळणारं गळती थांबवायचं औषध टाकून भागेल?

इंजिन आत्ता उतरवू नका. मिस्त्री चुकलाच आहे असं मी म्हणत नाही, पण गाडी खालून बघून मेन सीलवर बोट ठेवणं फार सोपं असतं. ह्या इंजिनावर कुठूनही तेल सुटलं तरी चालत्या गाडीचा वारा ते मागे ढकलतो आणि शेवटी ते बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्समधल्या क्लचच्या डब्याच्या, तळाशी येऊन टपकतं. आमच्या चोपड्याचा म्हातारा फिटर म्हणतो, "दादा, तेल वरतून येस, डाग फक्त खाले दिसस." मीही घरची जुनी जीप त्याच हिशेबाने सांभाळतो.

आधी सांडलेलं तेल बोटावर घ्या. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवा, कुठला डाग कशाखाली पडतो ते सकाळी कळेल. काळं, पातळ असेल तर इंजिनाचं. घट्ट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास येत असेल तर नव्वद नंबरचं गियर ऑइल, म्हणजे गियरबॉक्सचं किंवा ट्रान्सफर केसचं (गियरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). हे दुसरं निघालं तर मेन सीलचा विषयच संपला. बेल हाउसिंगमधून गियर ऑइलही गळू शकतं, गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवाटे येतं ते. म्हणून नुसत्या जागेवरून ठरवू नका.

इंजिनाचंच असेल तर पहिलं काम ब्रीदरचं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतोच, आणि तो बाहेर काढायला ह्या इंजिनाला हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या आणि एक छोटा व्हॉल्व्ह दिलेला असतो. ती वाट बुजली की आत दाब साठतो आणि तो दाब प्रत्येक पॅकिंगमधून, प्रत्येक सीलमधून तेल बाहेर ढकलतो. चांगलं सीलसुद्धा त्यापुढे टिकत नाही. तुमची गाडी उभी होती, म्हणजे ह्या नळ्यांची हालत मी इथे बसून सांगू शकतो: वर्षानुवर्षांची काळी धूळ तेलात कालवून लगदा झालेला, आणि नशीब खराब असेल तर कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलेलं. सगळ्या नळ्या काढा, पेट्रोलने धुवा, तारेने साफ करा. व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला पाहिजे.

मग इंजिन गरम करून तेल भरायच्या नळीचं झाकण काढा आणि तसंच उलटं तोंडावर ठेवा. थोडी धाप असणारच, एवढ्या जुन्या इंजिनाची ती असायचीच. पण झाकण उडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात. तेव्हा आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या, कारण रिंगा तशाच ठेवून नवं सील बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

ह्याच वेळी तेलाची काडी काढून वास घ्या. तेल न घालता पातळी वाढत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाला बोल्ट केलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. उभ्या गाड्यांत हा पडदा वाळून तडकतो. अशी गाडी चालवू नका. तेल पातळ होऊन गळती वाढते हा भाग किरकोळ, बेअरिंगं जातात आणि आगीची भीती असते. तसं काही नसेल तर नुसतं तेल जास्त भरलंय का बघा. तुमच्या गाडीच्या ह्या हरिकेन नावाच्या इंजिनात फिल्टर न बदलता साधारण ३.८ लीटर, फिल्टरसकट ४.७ लीटर तेल लागतं. "पाचाचा कॅन आणलाय तर ओता सगळा" हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो.

आता धुलाई. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत स्वच्छ करा, पुसून कोरडं करा, पूर्ण वाळू द्या. नंतर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर उडवा, गाडी गावातल्या गावात फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर काळी रेघ जिथून सुरू होते ती सगळ्यात वरची जागा खरी, खालची नाही.

माझा अंदाज विचाराल तर सुरुवात वरच्या टॅपेट कव्हरपासून (व्हॉल्व्हवरचं पत्र्याचं झाकण) होईल. ह्या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे कव्हरंही दोन: एक वर, एक ब्लॉकच्या बगलेला. बगलेचं मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जोड) आडोशाला असल्यामुळे कुणी बघत नाही, आणि तिथून उतरलेलं तेल थेट मागच्या कोपऱ्यात जातं. दोन्हीचं कॉर्कचं पॅकिंग उभ्या गाडीत वाळून आकसतं. गळतंय म्हणून लोक नट आवळतात. पत्रा मधे दबतो, कडा वर उचलतात आणि गळती दुप्पट होते. कव्हर काढा, सपाट काचेवर ठेवून कडा बघा, लाकडाच्या ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ करा, नवं कॉर्क घाला आणि छोट्या पान्याने बेताने आवळा. खालच्या चेंबरच्या पत्र्यालाही हेच औषध.

त्याच फेरीत फिल्टरच्या दोन रबरी नळ्या आणि ऑइल प्रेशरच्या मीटरकडे जाणारी बारीक नळी हाताने चाचपा. तडकलेली नळी चालू इंजिनात तेलाचा फवारा मारते, आणि बंद केल्यावर शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही.

सिलिकॉन वापरायचं तर दोऱ्याएवढं. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं, त्याचे तुकडे सुटतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. ह्या इंजिनाची जाळी तेलावर तरंगणारी असते. तिची वाट अडली तर तेलाचा दाबच जाईल.

गियर ऑइल निघालं तर गोष्ट वेगळी. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस ह्यांच्यामधून तेल एकीकडून दुसरीकडे झिरपतं ही ह्या जोडीची जुनी खोड. गियरबॉक्स रिकामा होत जातो, ट्रान्सफर केस गळ्यापर्यंत भरतो आणि मागच्या सीलमधून तेल बाहेर टाकतो. दोघांचे लेव्हलचे बोल्ट उघडून बघा. मागे हँडब्रेकचा ड्रम आहे, त्यातले लायनर तेलाने भिजले की हँडब्रेक नुसता शोभेचा उरतो. तोरणमाळच्या चढावर गाडी उभी करायची वेळ येऊ शकते तुमच्यावर, म्हणून हे टाळू नका.

सील बदलताना जो योक (मागच्या शाफ्टला जोडणारा तुकडा) त्यात फिरतो त्याच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर सीलच्या ओठाने लोखंडात घर पाडलंय, आणि नवं सील त्याच घरात बसून पुन्हा गळणार. उपाय दोन: टर्नरकडून पातळ स्लीव्ह बसवून घेणं, किंवा जागा असेल तर सील थोडं कमी आत ठोकून ओठ कोऱ्या जागेवर आणणं. पुढच्या पुलीच्या सीललाही हेच लागू.

हे सगळं करूनही पावडरची रेघ बेल हाउसिंगच्या आतूनच निघाली, चढावर गळती वाढली आणि तेल इंजिनाचंच असलं, तर मिस्त्री बरोबर. तरीही विचारा की इंजिन खरंच उतरवायला हवं का. ह्या इंजिनांत जुन्या पद्धतीचं दोरीचं सील असतं किंवा नंतर आलेलं दोन तुकड्यांचं रबरी. रबरी असेल तर चेंबर आणि मागची बेअरिंग कॅप काढून, वरचा तुकडा क्रँकवरून सरकवत खालूनच बदलता येतो. दोरी निघाली तर वरचा अर्धा भाग नीट बसवायला क्रँक खाली घ्यावाच लागतो, मग इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. कॅपच्या दोन्ही बाजूंना छोट्या रबरी पट्ट्या बसतात, त्या हमखास विसरल्या जातात आणि "नवं सील टाकूनही गळतंय" अशी ओरड होते. त्या किंचित बाहेर राहू द्यायच्या, चेंबर चढला की दाबून बसतात. ब्लॉकशी सपाट कापायच्या नाहीत.

गळती थांबवायच्या औषधाचं म्हणाल तर ते रबर फुगवतं. वाळलेल्या रबरी सीलवर थोडे दिवस गुण येतो. कॉर्कवर, दोरीवर, तुंबलेल्या ब्रीदरवर काहीच नाही. मी तरी टाकणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा चांगलं २०डब्ल्यू४० तेल भरा, एवढंच.

आणखी एक. "पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाका, कटकट मिटेल" असं कुणीतरी सांगेलच. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची सोय आहे, पण गाडी मूळ रूपात असावी लागते. इंजिन बदललंत तर ती वाट बंद होईल. अर्थात विंटेज नोंदणी झाली की रोजच्या वापराला किंवा भाड्याला गाडी काढता येत नाही, तेव्हा शेतातलं खत वाहायचं असेल तर त्या फंदात पडू नका.

बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात पिन लटकते. ते चिखलाने बुजलं असेल तर आजच मोकळं करा. तेल आत साठून क्लच प्लेटला लागलं तर गळतीपेक्षा क्लचचा खर्च मोठा होईल. पावडर लावून रेघ कुठे दिसली तो फोटो टाका, पुढचं बघू.