दाखल झाल्यावर लकवा वाढतो, तो का?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेही. उजव्या हाताची पकड सैल झाली म्हणून दाखल केलं, तेव्हा ते चालत होते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. सकाळी मात्र हात पूर्ण लुळा. हे आधी कळलं नसतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खात्रीने नाही, पण धोका कुणाला जास्त हे बऱ्याच अंशी ओळखता येतं. लकव्याच्या झटक्याची तीव्रता एनआयएचएसएस या ० ते ४२ गुणांच्या मोजणीत लिहितात. पहिल्या ७२ तासांत हा आकडा २ किंवा अधिकने वाढला तर लवकर झालेला बिघाड म्हणतात; काही जण २४ तासांत ४ ची अट धरतात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून शंका येते ती मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या बारीक फांदीची. मेंदूच्या खोल भागात शिरणारी फांदी मोठ्या वाहिनीपासून फुटते तिथेच, तोंडाशी, बंद होत जाते आणि ताकद पायरीपायरीने उतरते. एमआरआयवर १५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, लांबट डाग दिसला तर सावध राहायचं. सुरुवातीच्या सीटीत तो दिसेलच असं नाही. ‘झटका सौम्य आहे’ म्हणून इथेच गाफील राहणं होतं, याचं फार वाईट वाटतं.

मोठी वाहिनी बंद असेल, साखर चढलेली असेल, तरीही धोका वाढतो. मोठ्या झटक्यात साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज वाढते. रुग्ण गुंगीत जायला लागतो.

बिघाड पकडायचा तो तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून. झोपलेल्या रुग्णाचा हात ४५ अंशांवर १० सेकंद, पाय ३० अंशांवर ५ सेकंद धरायला सांगतात. हात डगमगत खाली यायला लागला, पण गादीला टेकला नाही, तर १ गुण. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असेल तर तपासणी २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तासांपर्यंत तासातासाला. रक्तदाब १८०/१०५ च्या आत. इंजेक्शन दिलेलं नसेल तर, दुसरं कारण नसताना, २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा घाईने उतरवत नाहीत, कारण अर्धवट बंद फांदीतला प्रवाह आणखी घटतो.

फरक दिसताच आधी ग्लुकोमीटर (साखर ६० च्या खाली गेली तरी लकव्यासारखंच दिसतं), ऑक्सिजन, रक्तदाब आणि लगेच पुन्हा सीटी. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा नको. रात्री २ वाजता हात जड वाटला तर सकाळच्या राउंडची वाट न बघता तेव्हाच सिस्टरना उठवा आणि वेळ लिहून ठेवा.