नोकरी लागल्यावर शिक्षकाने स्वतःचा अभ्यास आणि वर्ग यांचा मेळ कसा घालावा?

तुम्ही धडगाव तालुक्यात नुकतेच शिक्षणसेवक म्हणून रुजू झाला आहात. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, तीसेक मुलं. एम.ए. करायचंय, पुढे सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, द्यायची आहे. तुम्ही लिहिलंय, "वर्गाकडे लक्ष दिलं की अभ्यास मागे पडतो, अभ्यासाला बसलो की दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची तयारी होत नाही. जुने शिक्षक हे कसं जमवतात?"

मी २००६ पासून धुळे जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षिका आहे. राहते अमळनेरला, शाळा शिंदखेडा तालुक्यात. सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने अपडाऊन करते. मला हे जमायला बरीच वर्षं लागली, आणि आधी मी ते चुकीच्या पद्धतीने केलं. आधी तेच सांगते.

डी.एड.वर नोकरी लागली होती, पदवी राहिली होती. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला प्रवेश घेतला. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं, बाकी दिवस घर, लहान मूल, शाळा. फेब्रुवारीत स्वाध्याय जमा करायची तारीख आली आणि माझे दोन विषय कोरे होते. दुपारच्या सुट्टीनंतर मी दुसरी-तिसरीला फळ्यावर एक उतारा लिहून दिला, "उतरवून काढा" म्हटलं आणि टेबलावर माझे कागद पसरले. दुसरीतला एक मुलगा पाच मिनिटांत पाटी घेऊन आला. मी न बघताच "छान" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा "छान". तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मान वर केली. पाटी ओली होती. तो पाटी पुसून तेच पुन्हा लिहीत होता, दाखवायला काहीतरी असावं म्हणून. त्या दिवशी मी कागद पिशवीत घातले, आणि त्यानंतर शाळेच्या वेळेत स्वतःचा अभ्यास कधी काढला नाही. तुम्हीही काढू नका. मुख्याध्यापक काही म्हणणार नाहीत, पालकांना कळणारही नाही. पण मुलाला कळतं.

मग वेळ कुठून आणायचा? कायद्याने आपल्याला थोडी जागा दिली आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत आणि ते तयारीच्या वेळेसह धरलेत. म्हणजे तयारी हे घरी उरलेल्या वेळात करायचं काम नाही, ते नोकरीतच मोजलेलं आहे. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादी, सर्वेक्षण यांत ते तास जातात, हे मी तुम्हाला काय सांगू. तरी शाळा सुटल्यावरचा अर्धा तास मी धरून ठेवते. दप्तर आवरायच्या आधी उद्याचे दोन पाठ बघायचे आणि आज कोण कुठे अडलं ते वहीत लिहायचं. माझा खरा अभ्यास त्या वहीतून सुरू झाला.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. तिसरीतली एक मुलगी वजाबाकीत कायम चुकायची. ५२ वजा १७ दिलं की उत्तर ४५. मी लाल पेनाने फुली मारायचे, पुन्हा "हातचा घे" सांगायचे, तिचं पुन्हा ४५. दोन आठवडे हेच. वहीत रोज तिचं नाव आणि ४५. एका संध्याकाळी मी तिच्या मागच्या सगळ्या चुका एकाखाली एक मांडल्या: ६१ वजा २८ बरोबर ४७, ८३ वजा ४६ बरोबर ४३. तेव्हा दिसलं की ती अंदाजाने चुकत नव्हती, तिचा एक पक्का नियम होता आणि तो ती प्रामाणिकपणे पाळत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या अहिराणीत म्हटलं, "कसं करं ते सांग बरं." ती म्हणाली, "मोठामाईन ल्हाना काढा, मॅडम." मोठ्यातून लहान काढला. आम्हीच तर पहिलीत शिकवलं होतं, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची! तिने ते प्रत्येक घराला लावलं: सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार.

तिचे आईवडील कापूस वेचायला जातात, मजुरीचा हिशेब घरात रोज होतो. मी खोट्या नोटा काढल्या. दहाच्या पाच, रुपयाची दोन नाणी. "दुकानदाराला सतरा दे." तिने एक नोट दिली, मग नाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नोट मोडनी पडी." नोट मोडावी लागेल. एक नोट मोडून दहा नाणी घेतली, सात दिली, उरलेलं मोजलं: पस्तीस. मग तीच नोट मोडण्याची क्रिया वहीत ५२ च्या डोक्यावर लिहिली. "हातचा" हा शब्द मी त्या वर्गात वर्षभर वापरला नाही, आम्ही "नोट मोडणं"च म्हणायचो.

हे लांबवून सांगितलं, कारण तुमच्या प्रश्नात वर्ग एका पारड्यात आणि अभ्यास दुसऱ्या पारड्यात आहे. त्या आठवड्यात मी मुलांच्या गणितातल्या चुकांबद्दल जे मिळेल ते वाचलं, गाडीत वाचलं, आणि ते वाचन कुठल्याही परीक्षेच्या वाचनापेक्षा पक्कं बसलं, कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गरज होती. मूल कसं शिकतं हे सांगणारे पियाजे, वायगॉट्स्की डी.एड.ला पाठ केले होते. बावीस वर्षांची होते, समोर मूल नव्हतं. नावं आणि टप्पे लक्षात राहिले, अर्थ नंतर कळला.

असंच २०१९ मध्ये झालं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "सत्तावीस"च्या जोडीला "वीस सात" असं वाचन आलं आणि राज्यभर ओरड झाली. आमच्या केंद्रातही सगळे चिडले, मीही. मग बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण सांगितलं ते वाचलं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. माझी वही चाळली, तर दुसरीतल्या चार मुलांनी सत्तावीस म्हटल्यावर ७२ लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात ती नोंद होती आणि मी तिच्याकडे "निष्काळजीपणा" म्हणून बघितलं होतं. माझं मत बदललं. मी दोन्ही वाचनं शिकवते, आधी "वीस सात", मग "सत्तावीस".

आता तुमच्या शाळेबद्दल. तुमची मुलं बहुतेक घरी पावरी किंवा भिली बोलत असतील. तर एम.ए.च्या आधीचा तुमचा पहिला अभ्यास तो आहे. मी अहिराणी घरातली, तरी नोकरीच्या पहिल्या वर्षांत मुलांनी "मना बाप" म्हटलं की "माझे वडील म्हण, नीट बोल" असं टोकायचे. मलाही लहानपणी असंच टोकलं होतं. त्याने एवढंच व्हायचं की मूल गप्प बसायचं. आता पहिलीच्या भिंतीवर आंडोर आणि मुलगा, आंडेर आणि मुलगी शेजारी शेजारी लावते. तुम्ही तर भाषेच्या बाबतीत तिथे पाहुणेच असाल. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि अंगणवाडी सेविका बहुधा गावच्याच असतात. त्यांना रोज पाच शब्द विचारा, मुलांना विचारा, चुकीचं बोला, त्यांना हसू द्या. ज्या मुलाने आज तुम्हाला एक शब्द शिकवला, तो उद्या तुमच्याकडून शब्द घ्यायला बिचकत नाही. सहा महिन्यांत ती वही तुमच्या वर्गाचं सगळ्यात उपयोगी पुस्तक होईल.

प्रशिक्षणांचंही सांगते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ऑनलाइन प्रशिक्षण आलं की व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं, असं अनेक जण करतात. मीही एक-दोनदा केलं आहे आणि ते तास वाया गेले. आता मी प्रशिक्षणाला वहीतला एक प्रश्न घेऊन बसते. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही तसंच. "चौथीतला अमुक मुलगा जोडाक्षरं वाचतो पण अर्थ सांगत नाही, तुमच्याकडे कुणी असं आहे का?" असं विचारलं की शेजारच्या गावचे दोन शिक्षक बोलायला लागतात. तो अर्धा तास मला पुस्तकाइतकाच मोलाचा वाटतो.

सध्या मलाही परीक्षा आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी आहे त्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक झाली, मुदत दोन वर्षांची. माझी नोकरी शिक्षण हक्क कायद्याच्या आधीची. एकोणीस वर्षं शिकवल्यावर हे ऐकलं तेव्हा खूप राग आला, रात्रभर झोप नव्हती. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राचे आहेत आणि तो भाग वाचताना प्रत्येक पानावर मला माझ्या वर्गातलं कुणीतरी दिसतं. गाडीत आम्ही पाच-सहा जणी आहोत. नरडाणा स्टेशन येईपर्यंत एकमेकींना प्रश्न विचारतो. तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांवरही कदाचित हीच वेळ आली असेल. तुम्ही टीईटी नुकतीच पार केली आहे, त्यांना गणिताचा भाग समजावून द्या. त्या बदल्यात ते तुम्हाला चार वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे ते दाखवतील, आणि ते कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही.

आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. स्वतः वाचलेलं, विचार केलेलं मुलांपर्यंत नेण्याची ती त्यांची वाट होती. मी त्याचं फार छोटं रूप करते. शनिवारी परिपाठात, आठवड्यात मी नवीन काय शिकले ते मुलांना सांगते. चुकलेलं काय तेही. मुलं ते फार लक्ष देऊन ऐकतात.

तुमच्या एम.ए.बद्दल: पहिलं वर्ष थांबा असं मी म्हणेन. गाव, भाषा, चार वर्गांचं वेळापत्रक अंगवळणी पडू द्या. पुढच्या जूनला प्रवेश घ्या, शक्यतो अशा विषयात ज्याचा वर्गाशी धागा जुळेल. सेट त्यानंतर. पहाटेचा एक तास, रोज, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. रात्रीवर विसंबू नका. मी तीन वर्षं रात्रीवर विसंबले आणि पुस्तक छातीवर ठेवून झोपत आले. परीक्षेच्या रजांचा विचार ऑगस्टमध्येच करून ठेवा, मार्चमध्ये नको, कारण दोनशिक्षकी शाळेत तुम्ही रजेवर गेलात की चारही वर्ग एकाच माणसावर येतात. आणि प्रवेश घ्यायच्या आधी उच्च शिक्षणाच्या परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत द्या, त्याची पोच घेऊन जपून ठेवा. नाहीतर पदवीची सेवापुस्तकात नोंद घेताना अडचण येते, माझ्या दोन मैत्रिणी त्यात अडकल्या होत्या.

वहीचं मात्र पुढच्या जूनपर्यंत थांबवू नका. ती सोमवारीच सुरू करा.